घर सोडून गेलेल्या ताऱ्यांचा माग

जत्रेत हात सुटलेलं मूल शोधताना आपण काय विचारतो? कपड्यांचा रंग कोणता आणि गेलं कोणत्या दिशेला? आकाशात हरवलेले तारे शोधताना खगोलशास्त्रज्ञही असेच दोन प्रश्न विचारतात.

नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे. आपल्यापासून सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूर असलेल्या या गुच्छात अंदाजे एक कोटी तारे दाटीवाटीने राहतात. पूर्वी लोक त्याला एकच तारा समजत. १६७७मध्ये एडमंड हॅली यांनी सेंट हेलेना बेटावरून पाहिलं, तेव्हा हा साधा तारा नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

एवढ्या गर्दीत तारे एकमेकांजवळून जातात. त्या ओढाताणीत एखाद्याचा वेग वाढतो आणि तो काठाकडे फेकला जातो. तिथे आकाशगंगेचं गुरुत्वाकर्षण त्याला खेचून नेतं. अशा निसटलेल्या ताऱ्यांची गुच्छाच्या पुढे एक आणि मागे एक अशी लांब शेपटी तयार होते.

पण कोट्यवधी ताऱ्यांमधून हे पळालेले तारे ओळखायचे कसे? इथे मदतीला आली ‘गाया’ ही युरोपीय अवकाश दुर्बीण. डिसेंबर २०१३मध्ये झेपावलेल्या गायाने जवळपास २०० कोटी ताऱ्यांची स्थिती मोजली आणि त्यांतल्या बहुतेकांची गतीही. त्या नोंदींमधून रॉड्रिगो इबाटा आणि सहकाऱ्यांना ३०९ ताऱ्यांचा एक प्रवाह सापडला. आकाशात १८ अंश पसरलेल्या या प्रवाहाचं नाव ‘फिम्बुलथुल’. ताऱ्यांची दिशा आणि वेग मागे मोजत नेल्यावर वाट ओमेगा सेंटॉरीकडे जात होती. मग त्यांतल्या काही ताऱ्यांच्या प्रकाशाचं पृथक्करण केलं. जड मूलद्रव्यांचं प्रमाणही गुच्छातल्या ताऱ्यांशी जुळलं. म्हणजे दिशाही पटली आणि कपड्यांचा रंगही! २०१९मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

या शोधाचं मोल काय? ओमेगा सेंटॉरी हा एका छोट्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेने केव्हाच गिळली. फिम्बुलथुलमुळे या तर्काला बळ मिळालं. शिवाय असे प्रवाह कुठे वळतात ते पाहून, डोळ्यांना न दिसणारं कृष्णद्रव्य आकाशगंगेत कसं पसरलं आहे याचा अंदाज बांधता येतो.

पळालेले तारे आपल्याला ओळखता येणार नाहीत, पण त्यांचं घर नक्की पाहता येईल. मेच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला उंचावर चित्रा तारा शोधा. हात लांब करून चित्रेपासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. अंधाऱ्या जागेवरून तिथे एक धूसर ठिपका दिसेल. दिल्लीकडे तो क्षितिजालगत, तर कन्याकुमारीला बराच वर असतो. छोटी द्विनेत्री असेल तर सोबत घ्या आणि घरातल्या मुलांनाही दाखवा.