डाव्या बाजूचा व्रण

माझ्या मामीच्या अंगावर डाव्या स्तनाखालून पाठीकडे वळलेला एक लांब व्रण होता. विहिरीवरून ओलेत्याने घरात येताना तो दिसायचा. लहानपणी विचारलं, तर ती म्हणाली होती, "डॉक्टरांनी बोट घालून दार उघडलं गं." कितीतरी वर्षं मला ती गोष्टच वाटायची. पुढे कळलं की ती अक्षरशः खरं सांगत होती.

लहानपणी तिचा घसा दुखला होता, सांधे सुजले होते, ताप येऊन गेला होता. सगळे विसरले, हृदय विसरलं नाही. संधिवाताच्या त्या तापाने डाव्या बाजूची झडप हळूहळू चिकटत गेली. धानाच्या रोवणीत बांधीत वाकलं की मामीला धाप लागायची, आणि सासरी ती कामचुकार ठरली. पहिल्या गरोदरपणात आडवं झोपणंच अशक्य झालं, तेव्हा कुणीतरी छातीला नळी लावून नीट ऐकलं. मग गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावहून गाडीने नागपूर. तिथे बरगड्यांमधून शिरून, हृदय धडधडत असतानाच, शल्यविशारदाने डाव्या कर्णिकेतून बोट आत घातलं आणि झडपेचे चिकटलेले पदर मोकळे केले. मामी त्यानंतर अनेक रोवण्या वाकली.

हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात मोठमोठ्या तारखा आहेत. ६ मे १९५३ला अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने उघड्या हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १६ फेब्रुवारी १९६८ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. यशस्वी प्रत्यारोपणासाठी ऑगस्ट १९९४ उजाडावा लागला, दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण आमच्या गावाचा हिशेब व्रणांवरून लावावा लागतो.

दुसरा व्रण छातीच्या मधोमध, उभा. आमच्या गल्लीतल्या एका काकांची झडप मोकळी करण्यापलीकडे गेली होती, म्हणून धातूची बसवली. थंडीच्या रात्री सगळं निजलं की त्यांच्याजवळ बसल्यावर घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू यायची. अशा झडपांपैकी एक आपल्या देशात घडली: तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली झडप डिसेंबर १९९०मध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली आणि परदेशी झडपांपेक्षा ती स्वस्त पडली. झडपेवर गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र जन्मभर. काकू पालेभाजीसुद्धा मोजून वाढायच्या, आणि रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआर तपासणी करायला काका गोंदियाच्या फेऱ्या मारायचे. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, तिची राखण आयुष्यभराची, हे मी त्या घरात पाहिलं.

छातीवर तसाच उभा व्रण, शिवाय पिंढरीवर आणखी एक, असं दिसलं की बायपास झाली म्हणून समजावं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडथळा आला की पायातली शीर काढून वळणरस्ता करायचा. भारतात हे पहिल्यांदा १९७५ला डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईत केलं. आमच्याकडे तो शब्द रुळला तो बराच नंतर, शिक्षक आणि व्यापारी मंडळींमुळे. आता बऱ्याच जणांचं स्टेंटवर भागतं. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला.

पैशाची गोष्ट टाळता येत नाही. मोफत शस्त्रक्रियांची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं गडचिरोली त्यांत होतं, गोंदिया नव्हतं. आपली पाळी आली २१ नोव्हेंबर २०१३ला. मधल्या दीडएक वर्षात आमच्या ओळखीतल्या एका घराने धानाची बांधी गहाण टाकून झडप बसवली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर तेच ऑपरेशन पुढच्या वर्षी फुकट झालं असतं. ती बांधी अजून सुटलेली नाही, आणि तिच्या बाजूने जाताना मला अजून त्रास होतो.

याच सुमारास, २०१३ला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि तपासणीची पथकं अंगणवाडीत पोचू लागली. हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेलं, वजन न वाढणारं, रडताना ओठ निळे पडणारं मूल पूर्वी 'अशक्त' म्हणून हळूहळू विझायचं. आता त्याच्या छातीतला वेगळा आवाज कुणीतरी ऐकतं. आमगाव रेल्वेने नागपूर आणि रायपूरच्या जवळपास मध्यावर आहे, त्यामुळे आता लोक उलट्या दिशेनेही जातात. नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात २०१२पासून हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात, पुढे ते फक्त मुलांसाठीच झालं. काही छिद्रं तर जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन बंद करतात. व्रण कसला, मुंगी चावल्यासारखा ठिपका.

मामी आता नाही. तिच्या नातीला नवव्या वर्षी तोच सांधे सुजवणारा ताप आला, पण या वेळी घरच्यांना नाव माहीत होतं. वेळेत इको झाला. झडपेला थोडी इजा आहे, चिकटलेली नाही. दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, निदान पंचविशीपर्यंत तरी. दुखतं, म्हणून आधी रडायची. परवा गेले तर कालनिर्णयवर पुढच्या तारखांना लाल गोल करत बसली होती, आणि आषाढातला एक गोल रोवणीच्या दिवसांत येतो म्हणून आईला आधीच बजावत होती.