मोहरीएवढे सफाई कामगार

नेदरलँड्समधलं एपे हे लहानसं गाव. तिथल्या घरांच्या सांडपाण्यात कत्तलखान्यांचं पाणीही मिसळतं, म्हणजे ते साफ करायला अवघडच. तरीही २०१२ साली तिथे सुरू झालेला सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प पाहायला बाहेरचे अभियंते येऊ लागले.

नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात जिवाणू घाण खातात आणि मऊ, विस्कळीत पुंजक्यांत वाढतात. हे पुंजके तळाशी बसायला वेळ लावतात. त्यासाठी मोठमोठ्या निवळणटाक्या बांधाव्या लागतात आणि जागा तिथेच खर्ची पडते.

डेल्फ्टचे संशोधक मार्क फान लोसड्रेख्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंना घट्ट गोळ्या बांधायला लावलं. युक्ती साधी: हळू बसणारा गाळ वाहून जाऊ द्यायचा, झटकन बसणारा राखायचा. हळूहळू टाकीत मोहरीएवढे दाणेच उरतात आणि हवा बंद करताच ते काही मिनिटांत तळ गाठतात.

खरी गंमत दाण्याच्या आत आहे. बाहेरच्या थरात प्राणवायू पोहोचतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. आत प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. फॉस्फरस साठवणारेही शेजारीच नांदतात. पूर्वी वेगवेगळ्या टाक्यांत चालणारी कामं आता एकाच टाकीत, एकाच दाण्यात होतात. जागा आणि वीज, दोन्ही वाचतात.

एपेमध्ये वापरलेल्या या तंत्राचं नाव ‘नेरेडा’, ग्रीक पुराणातल्या जलकन्यांवरून ठेवलेलं. फान लोसड्रेख्त यांना २०१८ साली ब्रूस रिटमन यांच्यासोबत स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी झुटफेनमध्ये या दाण्यांतून ‘काउमेरा’ नावाचा डिंकासारखा पदार्थ काढणारा कारखाना उभा राहिला.