शेजारच्या फाउंड्रीला सांगितलं, तर आपलं काय जाईल?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीपर्यंत फाउंड्री पसरलेल्या आहेत. शेतीपंपांची ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बनवता बनवता हा धंदा इथे रुजला. आज इथलं कास्टिंग ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि व्हॉल्व्हमध्ये बसतं. एकाच गावात एकच काम करणारे इतके जण आहेत, तरी ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधली वायूची भोकं, का येतात, भट्टीचं वीजबिल कसं उतरवायचं, हे प्रश्न बहुतेक जण आपापल्या शेडमध्ये आणि आपापल्या खर्चानं सोडवत बसतात. पैशाची अडचण असतेच, पण त्याहून जास्त आड येतात ते काही पक्के बसलेले गैरसमज.

गैरसमज: आपली पद्धत सांगितली की गिऱ्हाईक गेलं.

वस्तुस्थिती अशी की गिऱ्हाईक तुटतं ते माल वेळेवर न गेल्यामुळे, रिजेक्शन वाढल्यामुळे किंवा दर न परवडल्यामुळे. शेजाऱ्याला वाळूतल्या ओलाव्याचा आकडा कळला म्हणून कुणाची ऑर्डर गेलेली नाही. जपायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: ग्राहकाचं ड्रॉइंग, त्याच्या मालकीचा पॅटर्न, आपला दर. त्या फाउंड्रीवाल्यांच्या आपसातल्या बैठकीत आणायच्याच नाहीत. दराचं तर असं की स्पर्धकांनी आपसात दर ठरवणं 2002च्या स्पर्धा कायद्यानुसार गुन्ह्यासारखंच महागात पडतं, भरमसाट दंड होऊ शकतो. एवढं कुंपण घातलं की आत बोलण्यासारखं खूप उरतं. कोअर कसा सुकवायचा, भंगारातली माती आणि गंज भट्टीत गेला की किती वीज वाया जाते, केमिस्ट्रीच्या रिपोर्टची वाट बघत धातू तापवत ठेवला तर काय होतं, हे सगळं मोकळेपणानं सांगता येतं.

शिवाय ज्याला आपण गुपित म्हणतो ते तसंही शेडमध्ये राहत नाही. मोल्डर एका फाउंड्रीतून दुसरीत जातो, तेव्हा पद्धतही त्याच्याबरोबर जाते. फक्त ती अर्धी जाते. काय करायचं ते जातं, का करायचं ते मागे राहतं. एकाच धंद्याचे लोक एकत्र वसले की त्या धंद्यातलं ज्ञान सगळ्या वस्तीचं होतं, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच लिहून ठेवलं होतं. आपल्या हातात एवढंच आहे, की ते ज्ञान तुकड्यातुकड्यांनी पसरू द्यायचं की नीट समजावून द्यायचं.

गैरसमज: आमच्याकडे तीस वर्षांचा अनुभवी मिस्त्री आहे, मोजमाप कशाला?

मिस्त्रीच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. वाळू मुठीत दाबायची, गोळा मोडून बघायचा, आणि पाणी जास्त झालं की कमी हे सांगायचं, ही खरी विद्या आहे. पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवाच ओली असते, परत आलेली गरम वाळू हाताला फसवते, आणि दुसऱ्या पाळीला तो मिस्त्री नसतो. ओलाव्याची चाचणी मात्र कुणालाही करता येते. तयार वाळू 50 ग्रॅम घ्यायची, साधारण 105 ते 110 अंशांवर पूर्ण सुकवायची, पुन्हा तोलायची. 48 ग्रॅम भरली, तर ओलावा 4 टक्के. एक बरा तराजू आणि एक छोटा ओव्हन, एवढाच खर्च. दर पाळीला हा आकडा फळ्यावर लिहिला, त्याखाली त्या दिवसाची ब्लो होलची संख्या लिहिली, की महिन्याभरात मिस्त्रीला जे हाताला कळत होतं ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसायला लागतं. त्याचं महत्त्व यानं कमी होत नाही. त्याची विद्या पहिल्यांदाच कागदावर उतरते, आणि तो निवृत्त झाला तरी कारखान्यात राहते.

गैरसमज: लीन, फाइव्ह-एस हे मोठ्या कंपन्यांचे चोचले.

लीन म्हणजे वाया जाणं शोधून कमी करणं, फाइव्ह-एस म्हणजे कामाची जागा नीट लावणं. त्याची गरज कुणाला, हिशोब करून बघा. महिन्याला 100 टन धातू ओतणाऱ्या फाउंड्रीत रिजेक्शन 8 टक्के आहे असं धरू. 8 टन माल पुन्हा वितळवायचा. इंडक्शन भट्टीला टनाला ढोबळमानानं 600 युनिट लागतात असं धरलं, तर 4,800 युनिट निव्वळ चुका वितळवण्यात गेले. धातू परत मिळतो. वीज, वाळू, बाइंडर, मजुरी आणि मशीनिंगचे तास परत मिळत नाहीत. मोठी कंपनी हा तोटा पचवते, लहान फाउंड्रीचा महिन्याचा नफाच त्यात जातो. म्हणजे या पद्धतींची गरज लहानाला जास्त. सुरुवात खडूनं होते: बाद झालेल्या प्रत्येक कास्टिंगवर दोषाचं नाव लिहायचं, आणि आठवड्यानं ढीग दोषांप्रमाणे वेगळे करून मोजायचे.

केंद्र सरकारनं 2009 मध्ये लीन योजना आणली तीच मुळी गटांसाठी होती. दहाएक लहान कारखाने एकत्र यायचे, सल्लागार एकच, आणि खर्चाचा 80 टक्के भाग सरकारचा. मार्च 2023 मध्ये सुधारून आणलेल्या योजनेत सरकारचा वाटा 90 टक्के झाला. ज्या गटातले मालक महिन्यातून एकदा एकमेकांच्या शेडमध्ये फिरतात, तिथे सल्लागार गेल्यानंतरही काम चालू राहतं. हे फिरणंच माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

उद्योगांचा असा गट, म्हणजे क्लस्टर, ही नुसती अनुदानाची इमारत, असंही अनेकांच्या मनात असतं. सामायिक सुविधा लागतातच. वापरलेली वाळू टाकायची कुठे हा प्रत्येक फाउंड्रीचा प्रश्न, आणि ती पुन्हा वापरात आणणारं यंत्र एकट्याला परवडत नाही, म्हणून कोल्हापूरच्या उद्योजकांनी क्लस्टरमधून असा प्रकल्प हाती घेतला. पण ज्ञानाला इमारत लागत नाही. हावडा इथल्या एका फाउंड्रीत 1998 मध्ये टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेनं स्विस मदतीनं दुहेरी हवेचा कुपोला, म्हणजे कोकवर चालणारी भट्टी, चालवून दाखवला. हवा एका ओळीऐवजी दोन ओळींतून सोडली, आणि कोक लक्षणीय वाचला. पुढे तीच रचना इतर ठिकाणच्या फाउंड्रींनी उचलली. ती बघायला गेलेल्या फाउंड्रीवाल्यांनी दुसऱ्याची चालती भट्टी पाहिली होती. त्यांचा विश्वास तिथे बसला.

गैरसमज: मोठ्या कंपनीकडे पैसे अडकले तर काही करता येत नाही.

यावर गटात बोलणं फार गरजेचं आहे, कारण लहान उद्योगांच्या थकीत पैशांबाबतचा कायदा 2006 पासून आहे आणि तो बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. लेखी करार असेल तर पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत फक्त 15 दिवसांची. 45 हा आकडा सरसकट लागू होत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. 2023च्या वित्त कायद्यानं त्यात भर घातली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, ती दिली त्या वर्षीच वजा होते. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमांना नाही, आणि उद्यम नोंदणी असली तरी निव्वळ व्यापाऱ्यांनाही नाही. नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तरी त्यासाठी दलालांना पैसे दिलेले लोक आजही भेटतात.

उद्यम क्रमांक बिलावर छापून घ्यावा. माल पोचल्याची सही तारखेसह घेऊन ठेवावी. खरेदीदारानं 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर मुदत त्या पोचीच्या तारखेपासूनच मोजली जाते.