फ्रान्सच्या वाड्यातलं शरद ऋतूतलं लग्न: तुम्ही नेमकं काय विकताय?



केटरिंग, डेकोरेशन, फोटोग्राफी, मेंदी, केक... यातलं काहीही सुरू करायचं तुमच्या मनात असेल, तर आजचा लेख जरा निवांत वाचा. आज आपण फ्रान्सला जातोय. ऑक्टोबर महिना, तांबूस-पिवळी झालेली झाडं, साडेतीनशे वर्षांचा वाडा आणि मोजक्या पाहुण्यांचं देखणं लग्न. फोटो बघून आपण पटकन म्हणतो, "काय पैसा ओतलाय!" पण धंदा करणाऱ्याने फोटोच्या मागे बघायचं असतं. तिथे जे दिसतं, ते दहा हजारांच्या ऑर्डरलाही लागू पडतं.

आधी जागा समजून घ्या

फ्रेंच लोक याला 'शातो' म्हणतात. आपण किल्ला म्हटलं की बुरूज आणि तटबंदी आठवते, पण पुष्कळसे शातो म्हणजे सरदारांचे, धनिकांचे वाडे. पॅरिसच्या आग्नेयेला साधारण 55 किलोमीटरवर असलेला व्हो-ल-व्हिकोंत बघा. राजाचा अर्थमंत्री निकोला फुके याने तो बांधून घेतला. 17 ऑगस्ट 1661 ला त्याने तिथे चौदाव्या लुईला जंगी मेजवानी दिली, आणि 5 सप्टेंबरला फुके अटकेत! अटकेचं राजाने आधीच ठरवलं होतं असं इतिहासकार सांगतात. म्हणजे एवढा थाट करूनही उपयोग शून्य. पाहुणे खूश झाले म्हणजे धंदा तरला, असं होत नाही.

पुढे 1875 मध्ये आल्फ्रेद सोमिए या साखर उद्योजकाने हा वाडा लिलावात घेतला. आजही तो त्याच घराण्याकडे आहे आणि 1968 पासून लोकांसाठी खुला आहे. एवढं छप्पर, एवढ्या बागा सांभाळायच्या म्हणजे खर्च कधी संपतच नाही. म्हणून तिकीट आहे, मेणबत्त्यांच्या उजेडातल्या संध्याकाळी आहेत आणि समारंभही आहेत. 2004 मध्ये पोलाद उद्योजक लक्ष्मी मित्तल यांच्या मुलीचं लग्न इथेच झालं. छोट्या शातोंचे मालकही याच वाटेने जातात. वारसा टिकवायचा तर वारशाने कमवायला हवं.

पहिला धडा: काय देणार नाही, तेही लिहा

तुम्ही शातो भाड्याने घेता तेव्हा बहुतेक वेळा जागा आणि वेळ विकत घेता. जेवण, फुलं, संगीत, पाहुण्यांची ने-आण हे सगळं वेगळं असू शकतं. जुनी वास्तू म्हटल्यावर भिंतीला खिळा नाही, आत उघडी ज्योत नाही, ठरलेल्या वेळेनंतर मोठा आवाज नाही, असे नियम आलेच. आणि ते पैसे घेण्याआधी करारात लिहिलेले असतात.

कायद्याचंही तसंच. फ्रान्समध्ये कायदेशीर लग्न नगरपालिकेतच लागतं, आणि त्यासाठी वधू-वरांचा किंवा त्यांच्या आई-वडिलांचा त्या गावाशी रहिवासाचा संबंध लागतो. त्यामुळे परदेशी जोडपी सहसा आपल्या देशात नोंदणी करतात आणि शातोत फक्त सोहळा करतात. चांगला प्लॅनर हे पहिल्याच भेटीत सांगतो.

आता आपल्याकडे या. "ताई, एवढं तर करून द्या ना!" हे वाक्य कितीदा ऐकलंय? एक कमान वाढते, दोन टेबलं वाढतात, तुमची माणसं रात्री दोनपर्यंत थांबतात, आणि तुमचा नफा त्यातच विरघळतो. गिऱ्हाईक वाईट नसतं, आपला कागद कोरा असतो.

दुसरा धडा: पर्यायी योजना हाच तुमचा माल

जूनअखेर पॅरिसकडे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सातच्या आसपास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेपाचलाच अंधार पडू लागतो. वर पाऊस कधीही. म्हणून शरद ऋतूतलं लग्न करणारे विधी दुपारी लवकर ठेवतात, फोटो उजेड असताना उरकतात, आणि बागेत विधी ठरला असला तरी आतला दिवाणखाना तयार ठेवतात. पाऊस आला तरी पाहुण्यांना धावपळ दिसत नाही. ज्याला आपण 'क्लास' म्हणतो, तो यातूनच येतो.

आणि ज्या महिन्यांत गर्दी कमी, त्या महिन्यांत भाव सहसा नरम असतात. तुमच्याही धंद्यात असे महिने आहेत. तेव्हा नुसती सूट देऊन बसू नका, त्या मोसमाला शोभेल असं वेगळं पॅकेज बनवा.

तिसरा धडा: माणशी खर्च मांडा

आकडे फक्त समजण्यासाठी. समजा वाड्याचं भाडं 8,000 युरो आणि जेवण माणशी 150 युरो.

- 40 पाहुणे: 8,000 + 6,000 = 14,000, म्हणजे माणशी 350
- 80 पाहुणे: 8,000 + 12,000 = 20,000, म्हणजे माणशी 250

भाडं बदलत नाही, जेवण बदलतं. तुमच्या धंद्यातही टेम्पो, मजुरी आणि सामान असे दोन्ही प्रकारचे खर्च आहेत. पाहुणे निम्मे झाले तर "मग पैसेही निम्मे करा" असं गिऱ्हाईक म्हणेलच. तेव्हा हा हिशोब हातात नसेल, तर पदरचे घालावे लागतील.

आजचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा:

1. माझ्या दरात काय येतं?
2. काय येत नाही, आणि हवं असेल तर किती पडेल?
3. पाऊस आला, वीज गेली, माणूस आला नाही, तर मी काय करणार?
4. आगाऊ रक्कम किती, आणि तारीख रद्द झाली तर काय?

पुढचं गिऱ्हाईक आलं की अल्बम दाखवाच, पण सोबत हा कागदही समोर ठेवा. वाडा तुमच्याकडे नसेल, पण वाड्यासारखा चोख व्यवहार उद्यापासून सुरू करायला भांडवल लागत नाही.

तुमच्या चार ओळी कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!