एकबारी रायफल आणि तिचे काडतूस

नेमबाजीत मुलाचा किंवा मुलीचा हात थोडा बसू लागला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो रायफल कोणत्या बोअरची घ्यावी हा. त्यामागे एक समजूत दडलेली असते. बोअर जितका मोठा आणि गोळी जितकी वेगवान, तितका नेम अचूक! शिकारकथांनी आणि चित्रपटांनी ती आपल्या मनात रुजवली आहे. लक्ष्यवेधाच्या रायफलीला ती लागू पडत नाही. तिच्यापायी पैसा मात्र पुष्कळ जातो.

२०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटरवर सुवर्णपदक मिळवले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी त्याच अंतरावर कांस्यपदक आणले. दोघांच्याही रायफलीचा बोअर एकच, पॉइंट टू-टू. म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर. ५० मीटरच्या सामन्यात दुसरा बोअर चालतच नाही. काडतूसही एका वेळी एकच आणि तेही हाताने भरायचे. यात मागासलेपणा काही नाही. गोळीचे शिसे मऊ असते, मॅगझिनमधून सरकताना तिच्या नाकावर ओरखडा उठू शकतो. हाताने भरल्यास ती भीती राहत नाही. ३०० मीटरच्या सामन्याला मोठा बोअर लागतो हे खरे, परंतु तशी रेंज आपल्याकडे दुर्मिळ, आणि.३०३ तर कायद्याने निषिद्ध बोअरांत मोडते. तेव्हा बोअरची चिंता नवशिक्याने सोडून द्यावी.

निवड करायची ती चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसते त्या जागेची. साध्या रायफलीचे चेंबर ऐसपैस ठेवतात. कोणतेही काडतूस सहज आत जावे हा हेतू. सामन्याच्या रायफलीचे चेंबर आखूड आणि घट्ट असते. बोल्ट बंद करतानाच गोळीचे टोक नळीतील आट्यांत किंचित रुतते, त्यामुळे प्रत्येक गोळी त्याच जागेवरून, त्याच सरळ रेषेत प्रवासाला निघते. तोटा एवढाच, की न झाडलेले काडतूस परत काढताना कधी गोळी आट्यांतच अडकते आणि दारू बोल्टच्या घरात सांडते. सरावात ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

आता काडतूस. याची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. पेटण्याचा मसाला मधल्या टोपीत नसून पितळेच्या काठाच्या पोकळीत पसरलेला असतो. म्हणून हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही; कारखान्याने जे दिले त्यातूनच निवडावे लागते. बाजारात 'हाय व्हेलॉसिटी' असे लिहिलेली डबी दिसते तिला भुलू नये. ती गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरू लागते. त्या संधिकालात हवेचा अडथळा फार असतो, गोळी डळमळू शकते आणि वाऱ्याने सरकतेही जास्त. ध्वनीचा वेग ३० अंश उष्णतेत सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. सामन्याची गोळी त्याच्या खाली, ३२०-३३० मीटरने निघते. ती संथ असली तरी भरवशाची असते.

वेगापेक्षा वेगातील सारखेपणा महत्त्वाचा. ५० मीटर जायला या गोळीला एक षष्ठांश सेकंद लागतो, तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दुर्बीण वा माशी त्या हिशेबानेच लावलेली असते. पण एखादी गोळी सेकंदाला ५ मीटरने मंद निघाली, तर ती आणखी सुमारे ४ मिलिमीटर खाली लागेल. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे, आणि आता गुण दशांशात मोजतात. नेमबाजाचा काही दोष नसताना गुण गेला!

यावर उपाय एकच. ट्रॉम्बे-चेंबूरकडील श्रोत्यांना 'बॅच' या शब्दाचा अर्थ सांगायला नको. खतकारखाना, तेलशुद्धीकरण आणि अणुसंशोधन ज्या परिसरात शेजारी नांदतात, तिथे एका नावाच्या मालाच्या दोन बॅचा सारख्या नसतात हे सर्वांस ठाऊक आहे. काडतुसांचेही तसेच. डबीवर छापलेला लॉट-क्रमांक हीच तिची खरी ओळख. एका रायफलीला जो लॉट मानवतो तो शेजारच्या त्याच बनावटीच्या रायफलीला मानवेलच असे नाही. मोठे कारखाने नळी शिकंज्यात पकडून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून पाहतात. आपल्याकडे वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, वारा पडलेला असताना सकाळी हे करता येते. लॉट बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नयेत. नळीत आधीच्या गोळ्यांचे मेणचट वंगण असते, ते बदलायला वेळ लागतो. पाच गोळ्या एका छिद्रात गेल्या म्हणून हुरळूनही जाऊ नये. निदान चार वेळा दहा-दहा झाडाव्यात. जो लॉट सर्वांत लहान वर्तुळ देईल तो आर्थिक ऐपत आणि परवाना परवानगी देईल तेवढा एकदम घ्यावा, आणि सामन्यासाठी राखावा. रोजच्या सरावाला स्वस्त लॉट चालेल, फक्त तोही ध्वनीच्या वेगाखालचा हवा.