विश्लेषण : उभ्या जेट विमानाच्या मागून जाणे लहान विमानांसाठी धोक्याचे का?

समजा, तुम्ही वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेत आहात. सेसना १७२ हे चार आसनी विमान घेऊन टॅक्सी वेवरून धावपट्टीकडे निघाला आहात. वाटेत एक एअरबस ए३२० उभे आहे, शेपूट तुमच्या बाजूला. ते हलत नाही, मागे धूरही दिसत नाही. एटीसीने पुढे जायला सांगितले, पण शेवटी तीन शब्द जोडले : ‘कॉशन, जेट ब्लास्ट’. जायचे की थांबायचे?

जेट ब्लास्ट म्हणजे काय?

जेट इंजिन पुढून हवा ओढते आणि ती प्रचंड वेगाने मागे फेकते. या मागे फेकल्या जाणाऱ्या झोताला जेट ब्लास्ट म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण. कॅरिबियनमधील सेंट मार्टेन बेटावर विमानतळाचे कुंपण थेट समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याला लागून आहे. तिथे उड्डाण घेणाऱ्या विमानाचा झोत अनुभवायला पर्यटक कुंपण धरून उभे राहतात. १२ जुलै २०१७ रोजी अशाच झोताने न्यूझीलंडची ५७ वर्षीय महिला मागे फेकली गेली आणि डोक्याला मार लागून तिचा मृत्यू झाला.

लहान विमानच का उलटते?

सेसना १७२ चे कमाल वजन सुमारे १,१५० किलो, तर ए३२० चे सुमारे ७८ टन. पण प्रश्न फक्त वजनाचा नाही. विमान मुळात वाऱ्यावर उचलले जावे म्हणूनच बनवलेले असते. सेसना सुमारे ५५ नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग आला की जमीन सोडू लागते. एवढ्याच वेगाचा झोत समोरून आला, तर उभ्या विमानाच्या पंखांनाही उड्डाणच सुरू झाल्यासारखे वाटते. झोत बाजूने आला तर तो आधी एका पंखाखाली शिरतो. तीन चाकांचा आधार अरुंद, पंख मात्र ११ मीटर लांब. एक पंख उचलला गेला की दुसऱ्याचे टोक जमिनीला टेकायला वेळ लागत नाही.

इथे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आठवतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे झोताचा वेग दुप्पट, तर जोर चौपट. ताशी १०० किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण ४५ किलो भार पडतो. २०० ला तोच १८० किलोच्या पुढे जातो.

सर्वात धोक्याचा क्षण कोणता?

धावपट्टीवर पूर्ण जोर लावून निघालेल्या विमानापासून सगळेच लांब राहतात. फसगत होते ती उभ्या विमानाच्या बाबतीत. इंजिन आयडलवर असताना झोत तुलनेने सौम्य असतो. पण थांबलेले अवजड विमान हलवायला, ते चालते ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो. वैमानिक थ्रॉटल पुढे करतो, विमान हलले की मागे घेतो. त्या काही सेकंदांत झोत एकदम वाढतो. इंधन वाचवण्यासाठी एकाच इंजिनावर टॅक्सी चालू असेल, तर सगळा भार त्या एका इंजिनावर येतो. वळताना तर शेपटीबरोबर झोतही झाडूसारखा फिरतो. आणि कॉकपिटमधील वैमानिकाला मागचे काहीच दिसत नसते.

मग जबाबदारी कोणाची?

दोघांची. अमेरिकेच्या ‘एफएए’ची वैमानिकांसाठीची मार्गदर्शिका लहान विमानांना पुरेसे अंतर ठेवायला सांगते आणि मोठ्या विमानांच्या वैमानिकांनाही आपल्या झोताचे भान ठेवायला बजावते. मात्र किंमत मोजतो तो लहानच. एटीसीची परवानगी म्हणजे मार्ग मोकळा असल्याची सूचना. मागे किती जोराचा झोत आहे, हे टॉवरमधूनही दिसत नाही.

राज्यातही हा विषय पुस्तकी नाही. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथून प्रवासी विमानांचीही ये-जा झाली आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर त्या ए३२० च्या पोटाखाली लुकलुकणाऱ्या लाल दिव्यात आहे. हा बीकन सुरू असेल, तर इंजिन चालू आहे किंवा सुरू होणार आहे. अशा वेळी विद्यार्थ्याने रेडिओवर सांगायचे, ‘जेट ब्लास्टमुळे थांबतो आहे’, आणि ब्रेक दाबून ते विमान पुरेसे लांब जाईपर्यंत वाट पाहायची. मागे रांगेत कोणी खोळंबले असले तरी.