पाव टाकणाऱ्याला टोकावं का?

तळ्याकाठी कोणी बदकांना पाव टाकताना दिसला, की शेजारून एक आवाज हमखास येतो: "अहो, पाव घालू नका, पोटात फुगतो आणि बदक मरतं." त्यावरचं उत्तरही ठरलेलं. "आम्ही लहानपणापासून टाकतोय, एक तरी मेलेलं दाखवा." वाद तिथेच मिटतो आणि टोकणारा हरतो. हरायलाच हवा, कारण टाकणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं खरं असतं आणि टोकणाऱ्यानं सांगितलेलं कारण ऐकीव असतं. पाव टाकू नये हे बरोबरच आहे. पण त्याची जी कारणं पसरली आहेत, त्यांतली निम्मी टिकणारी नाहीत. म्हणून या प्रकरणात दोन्ही बाजूंचे गैरसमज एकत्रच तपासावे लागतात.

"पोटात फुगून मरतात"

या समजाचा थोरला भाऊ अमेरिकेत आहे. तिकडे नवदांपत्यावर तांदूळ उधळायची जुनी रीत, आपल्या अक्षतांच्या जवळची. जमिनीवर पडलेला कच्चा तांदूळ पक्षी खातात, तो पोटात फुगतो आणि पोट फुटतं, अशी हाकाटी तिथे इतकी झाली की १९८५ साली कनेक्टिकट राज्यात लग्नात तांदूळ उधळायला बंदी घालणारं विधेयकच मांडलं गेलं. पुढे केंटकी विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ जेम्स क्रुपा यांनी विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन हा समज तपासला. दाणे भिजवून मोजले, तेव्हा साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा पक्ष्यांचं खाद्य म्हणून विकलं जाणारं बीच जास्त फुगलं. झटपट शिजणारा तांदूळ सर्वांत जास्त फुगतो, म्हणून तोही पाळीव कबुतरांना खाऊ घातला. एकाही पक्ष्याला काही झालं नाही. हे निष्कर्ष २००५ साली छापून आले. भाताच्या खाचरांवर उतरणारे पक्ष्यांचे थवे पाहिलेल्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगायला प्रयोग लागला नसता, ते सोडा.

पावाचं तर त्याहून सोपं. तो आधीच भाजलेला, फुगलेला आणि जाळीदार असतो. पाण्यात पडला की लगेच त्याचा लगदा होतो. वर बदकाला पेषणी असते. जठराचाच हा जाड स्नायूंचा भाग गिळलेल्या वाळूखड्यांच्या मदतीनं टणक दाणे आणि गोगलगायींचे शंखही भरडतो. त्याच्यापुढे मैद्याच्या लगद्याची काय कथा?

"पावानं पंख वाकडे होतात"

इंग्लंड-अमेरिकेतल्या तळ्यांवर हा मुद्दा फोटोसकट पुढे येतो. 'एंजल विंग' नावाचा विकार खरा आहे. पिल्लाच्या वाढीच्या दिवसांत पंखाच्या मनगटाचा सांधा पिसांचा भार पेलू शकत नाही, टोकाकडची पिसं बाहेर वळतात आणि पक्ष्याला जन्मभर उडता येत नाही. पण हा विकार मुळात सगळ्यात जास्त दिसतो तो पाळलेल्या, भरपूर खाऊन भराभर वाढणाऱ्या बदकांत आणि हंसांत. गरजेपेक्षा जास्त पोषण, जीवनसत्त्वांची कमतरता, आनुवंशिकता असे अनेक संशयित आहेत. एकट्या पावावर तो गुन्हा शाबीत झालेला नाही.

ब्रिटनमध्ये यावरून मोठी गंमत झाली. 'पाव बंद करा' ही मोहीम जोरात असताना, २०१०च्या दशकाच्या अखेरीस, राणीच्या हंसांची देखरेख करणारे ऑक्सफर्डचे पक्षितज्ज्ञ क्रिस्टोफर पेरिन्स यांनी उलटं निवेदन काढलं. हंसांना शेकडो वर्षं पाव घातला जातोय, त्यानं त्यांचं नुकसान झाल्याचं दिसत नाही, एंजल विंगशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही, आणि लोकांनी घाबरून खाऊ घालणं एकदम थांबवल्यामुळे हंस भुकेले राहत आहेत, असा त्याचा मथितार्थ होता. यातलं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. टोकणाऱ्यांनी लोकांना पावापासून तोडलं, पण पावाऐवजी काय टाकायचं ते लोकांपर्यंत पोचलंच नाही.

"म्हणजे पाव चालतो"

नाही. इथे टाकणाऱ्याचे गैरसमज सुरू होतात.

पाव म्हणजे मुख्यतः पिठूळ पदार्थ आणि मीठ. मोठ्या बदकानं दोन तुकडे खाल्ले तर काही बिघडत नाही, पण रोज त्यावरच पोट भरलं तर पाणवनस्पती, बिया, अळ्या आणि गोगलगायी शोधायचं त्याचं काम बाजूला पडतं. खरी अडचण पिल्लांची. बदकाची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर दिवसभरात आईमागून पाण्यात उतरतात आणि आपलं खाणं आपणच शोधतात. पहिल्या काही आठवड्यांत वाढीसाठी त्यांना प्रथिनं लागतात, ती पाण्यातल्या किड्यांतून मिळतात. त्या दिवसांत पोट पावानं भरलं, तर किडे खायला त्यात जागा उरत नाही. बुरशी आलेला शिळा पाव तर कोणालाच नको, कारण बुरशीमुळे पक्ष्यांच्या फुप्फुसांना गंभीर आजार होतात. 'वाया जाण्यापेक्षा बरं' म्हणून घरातला हिरवट पाव तळ्यावर आणणाऱ्याला मात्र जरूर अडवावं.

आणि बदकांनी न खाल्लेला पाव? तो कोणी मोजतच नाही. इंग्लंड आणि वेल्समधले कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या अंदाजाप्रमाणे तिथे बदकांना वर्षाला सुमारे ६० लाख पाव घातले जात होते. इतकं पीठ पाण्यात गेल्यावर त्यातलं बरंच तळाशी बसून कुजणार. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू ओढतं, त्यातला नत्र आणि स्फुरद शेवाळाला खत म्हणून मिळतो, पाणी हिरवट आणि वासट होतं, काठावर उंदीर येतात. एका जागी खायला मिळतं म्हणून पक्षीही तिथेच दाटी करतात, त्यांची विष्ठाही तिथेच साचते आणि साथीच्या रोगाला आयती वाट मिळते. म्हणजे पावानं बिघडतं ते आधी तळं, मग बदक.

कुजणाऱ्या उबदार पाण्याचं टोक काय असू शकतं, ते राजस्थानातल्या सांभर सरोवरात नोव्हेंबर २०१९मध्ये दिसलं. 'बॉट्युलिझम' या जीवाणूंच्या विषबाधेमुळे हजारो पक्षी मेले, त्यांत थंडीत येणारी बदकंही होती. तिथे पावाचा संबंध नव्हता, हे आधीच सांगतो, नाही तर उद्या हाच नवा गैरसमज व्हायचा. पण त्या विषाचे जीवाणू प्राणवायू संपलेल्या, सडक्या जागेत वाढतात, एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

"खाऊ घातलं की पक्षी स्थलांतर विसरतात"

बहुतेकांच्या बाबतीत नाही. निघायची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर आणि शरीरातल्या घड्याळावर ठरते. याचा पुरावा मुंबईतच आहे. गेटवेहून एलिफंटाला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचा थवा लागतो, ज्यांना सगळे सीगल म्हणतात. प्रवासी त्यांना वेफर्स, गाठ्या, शेव उधळतात. एवढी बडदास्त असूनही उन्हाळा लागला की ते निघून जातात. ('सायबेरियन पक्षी' ही त्यांची ओळखही अर्धवटच. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट, लडाख आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवर वीण करतात.)

या लाँचवर टोकणारे म्हणतात, "मिठानं मरतील." समुद्रपक्ष्यांना हे कारण तितकंसं लागू नाही. त्यांच्या डोळ्यांच्या वर क्षारग्रंथी असतात. खारं पाणी पिऊन जास्तीचं मीठ ते चोचीवरच्या नाकपुड्यांतून थेंबाथेंबानं बाहेर टाकतात. आक्षेप घ्यायचाच तर तळणीच्या तेलावर घ्यावा, निकस बेसनावर घ्यावा, आणि शेव संपल्यावर वाऱ्यानं समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पुडीवर तर नक्कीच घ्यावा. प्रयागच्या संगमावर आणि काशीच्या घाटांवर नावाडी अशीच शेव विकतात. तिथे ती कोणाची तरी रोजची कमाई आहे, त्यामुळे नुसत्या उपदेशानं भागत नाही.

मग टोकायचं की नाही?

हे पक्ष्यावर कमी आणि माणसावर जास्त अवलंबून आहे. आपल्याकडे मुंग्यांना साखर, कावळ्याला घास, गाईला पोळी हे पुण्याचं काम. नातवाला घेऊन आलेल्या आजोबांच्या हातून एक स्लाइस पाण्यात पडली, तर गप्प राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. एका स्लाइसनं तळं नासत नाही, आणि नातवादेखत आजोबांचा पाणउतारा करून बदकाचं काही भलं होत नाही. पोतंभर शिळे पाव रिकामे करणारा, बुरशीचं आणणारा, पिल्लांच्या दिवसांत रोज येणारा, पुडी पाण्यात भिरकावणारा, यांना बोलावं. बोलताना पोट फुगायची गोष्ट सांगू नये. "काका, हे खाली कुजतं हो, पाण्याला वास येतो. माझ्याकडे थोडी ज्वारी आहे, ती टाकता?" एवढं पुरतं. ज्वारी, मक्याचे दाणे, मटार, चिरलेला पाला, यांतलं काहीही चालतं. मूठभर टाकावं आणि पक्ष्यांनी खायचं थांबवलं की आपणही थांबावं. आणि हळदी-कुंकू बदकांसारखे जंगली पक्षी असलेल्या पाणथळीवर काहीच टाकू नये. त्यांचं त्यांना पुरेसं असतं, आणि माणसापासून लांब राहण्यातच त्यांची सुरक्षितता असते.

कबुतरांचा प्रश्न या हिशेबात बसत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, तर जमावानं ती ताडपत्री ओढून काढली. तिथला मुद्दा कबुतराच्या पोटाचा नव्हताच. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं माणसांच्या फुप्फुसांना होणाऱ्या आजारांचा होता, आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. लंडननं ट्रॅफल्गर चौकात २००३ साली आणि व्हेनिसनं सान मार्को चौकात २००८ साली दाणे टाकायला बंदी केली. सिंगापूरमध्ये २०२०पासून कुठल्याही वन्यजीवाला खाऊ घालणं गुन्हा आहे. असा नियम असेल तिथे अनोळखी माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा रखवालदाराला बोलवावं.